नडगीतली पट्टी आणि वाळूवरचे यंत्र

मी, या कागदाखाली सही करणारी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर, वय वर्षे त्र्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. गुडघे कुरकुरतात, पण डोके आणि कान शाबूत आहेत. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम १. राहते घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि समुद्राकडची गॅलरी, मुलगा आणि सून यांच्या नावे समसमान. गॅलरीतल्या नळाखाली पाय धुतल्याशिवाय कोणी आत यायचे नाही, ही अट घराबरोबर जाते.

कलम २. बँकेतली ठेव मुलाला. मी ऊन-वारा न बघता किनाऱ्यावर हिंडत राहिले, पण "आई, आता पुरे" असे तो एकदाही म्हणाला नाही. त्याचे मनापासून आभार.

कलम ३. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना माझा लांब दांड्याचा झाडू. जिन्यात वाळू सांडते म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे कटकट केली आणि झाडले मात्र मी. आता त्यांची पाळी. तरी माझे यजमान आजारी पडले तेव्हा भर पावसात गाडी काढून त्यांनीच दवाखान्यात नेले होते. तेव्हा झाडू नवा घेऊन द्यावा.

कलम ४. धातू शोधायचे यंत्र, हेडफोन, चाळण आणि फावडे. इथे जरा सविस्तर लिहावे लागेल, वकीलबाईंनी सांभाळून घ्यावे.

आमचे हे गोदीत क्रेन चालवत. एकदा साखळी तुटून ह्यांची नडगी मोडली आणि डॉक्टरांनी आत स्टीलची पट्टी बसवली. पाय बळकट व्हायला रोज ओल्या वाळूत चाला, असे सांगितले. नुसते चालायचा ह्यांना कंटाळा, म्हणून कुठून तरी हे जुने यंत्र घेऊन आले. क्रेनच्या आवाजाने ह्यांचे कान गेलेले. माझे कान हेडफोनात आयुष्य काढून तयार झालेले. तेव्हा मी ऐकायचे आणि ह्यांनी खणायचे, अशी वाटणी झाली.

पहिल्याच आठवड्यात यंत्र एका जागी असे गाऊ लागले की थांबेना. ह्यांनी कमरेएवढा खड्डा खणला. बघ्यांची गर्दी जमली. "पेटी असणार, मोठी पेटी," हे घाम पुसत म्हणाले आणि चहा घ्यायला टपरीवर गेले. यंत्र एकदम गप्प. चहा पिऊन परत आले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, की पुन्हा गाणे सुरू.

"अहो, खजिना तुमच्या नडगीत आहे!" मी ओरडले. "पाय मागे घ्या!"

त्या दिवशी अख्खा किनारा हसला, सर्वांत मोठ्याने हेच. पुढे रोज कितीदा तरी मी "पाय मागे घ्या" म्हटले असेल. हेडफोनात तो आवाज आला की मान वर न करताही मला कळायचे, हे जवळ आहेत.

समुद्र वाळू एका जागी राहू देत नाही. काल हातभर खाली गेलेली वस्तू वादळानंतर पायाच्या बोटाशी येते. म्हणून उधाण ओसरले की आम्ही ओहोटीच्या पाण्यामागे निघायचो. लाटांनी वरची वाळू ओढून नेलेली असे आणि खालचा घट्ट थर उघडा पडलेला असे. किल्ल्या, साखळ्या, अंगठ्या मिळत. सापडलेले सगळे टपरीवरच्या फळीवर टांगायचो आणि धनी येण्याची वाट बघायचो. एका नव्या नवरीला तिची अंगठी मिळाली, तेव्हा तिने ह्यांच्या गळ्यातच मिठी मारली. हे घरी येईपर्यंत लाजत होते. असे आयुष्य मिळाले, मला आणखी काय हवे होते?

हे गेले. दहनानंतर राखेतून ती पट्टी मिळाली.

यंत्र घेऊन निघण्याआधी ते माहितीच्या धातूवर तपासून घ्यायचे असते. आम्ही चमचा वापरायचो. तेव्हापासून मी ही पट्टी वापरते. वीतभर वाळूखाली ठेवते, यंत्र फिरवते आणि आवाज आला की कामाला लागते.

मागच्या वर्षी गॅलरी आवरताना मुलाने ही पट्टी भंगारात दिली. "आई, मला वाटलं, दाराची जुनी बिजागरी आहे," तो पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला. मी यंत्र खांद्यावर टाकले आणि तडक भंगारवाल्याकडे गेले. चालू केले मात्र, चहूकडून किंचाळ्या! भंगाराच्या ढिगात धातू शोधायला यंत्र नेणारी बाई भंगारवाल्याने पहिल्यांदाच पाहिली. पोट धरून हसला. मी तिथेच पायरीवर बसून रडले.

सून कामावरून थेट तिथे आली. "आई, तुम्ही बसा. मी बघते," म्हणाली, बाह्या सरसावल्या आणि एकेक तुकडा हातात घेऊन बघू लागली. संध्याकाळ झाली. हात खरचटले, नखात गंज भरला. शेवटी एक तुकडा ओढणीने पुसून तिने माझ्यापुढे धरला. "आई, हे बाबाच ना?"

हीच का ती पट्टी, असे तिने विचारले नाही. हिला ऐकू येते, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून यंत्र, हेडफोन, चाळण आणि पट्टी सुनेला. पट्टी यंत्रापासून कधीही वेगळी करू नये. फावडे मुलाला. तिने ऐकावे, त्याने खणावे. त्याच्यावर माझा राग उरलेला नाही, फक्त आवराआवरीचे काम त्याच्याकडे देऊ नये.

कलम ५. फळीवरच्या वस्तू धनी येईपर्यंत टपरीवरच राहतील, विकू नयेत. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवावा. समुद्राने एवढे दिले, त्याला परत करण्यासारखे माझ्याकडे तेवढेच आहे.

कलम ६. सूनबाई, मी गेल्यावर पहिले उधाण ओसरले की किनाऱ्यावर जा. पट्टी वाळूत ठेव, यंत्र फिरव. आवाज आला की मोठ्याने म्हण, "बाबा, पाय मागे घ्या." लोक बघतील, बघू देत. पट्टी उचलून पिशवीत टाकायला विसरू नकोस. मीही तिथेच असेन. पण माझ्या अंगात काही धातू नाही, मी वाजणार नाही. तेव्हा माझी वाट न बघता पुढे चालू लाग.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला आणि साक्षीदारांसमोर सही केली. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे वकीलबाई म्हणाल्या, म्हणून घरचे कोणी नाही.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
१. पट्टी बसवणारे हाडांचे डॉक्टर (मी शुद्धीत असल्याचा दाखला यांचाच)
२. भंगारवाला (हसल्याबद्दल त्याने त्याच दिवशी चहा पाजला, हिशेब मिटला)

ठिकाण: राहते घर, गॅलरी
दिनांक: चौदा मार्च, ओहोटी लागताना