पहिल्या हाकेला

इंझोरीजवळची आश्रमशाळा
२० नोव्हेंबर, गुरुवार

ती. साधनाताईस,
नमस्कार. तुझ्या कंबरेला शेक देतेस ना? जवसाची चटणी अजून पुरते आहे. मी इथे नीट आहे. ‘काळजी करू नकोस’ असं लिहिणार होतो, पण ते वाचून तू जास्तच काळजी करशील, म्हणून नुसतं नीट आहे असं समज.

फोनला रेंज मिळते ती टेकडीवर, आणि तिथे बोललेलं सगळ्या शाळेला ऐकू जातं. म्हणून पत्र लिहितो आहे.

शाळेच्या तिन्ही बाजूंनी तूर आहे. यंदा ती डोक्याच्या वर गेली आहे, आत शिरलेला माणूस दिसत नाही. वसतिगृहातली मुलं बहुतेक फासेपारध्यांच्या बेड्यांवरची, म्हणजे वस्त्यांवरची. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलांचं घर म्हणजे हीच शाळा. मी नववी-दहावीला गणित आणि मराठी शिकवतो. शिकवायला जमतं, ताई. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं जमतं.

सुरुवातीला एका गोष्टीचा फार त्रास झाला. ही मुलं हाकेला ओ देत नाहीत. हजेरीला नाव घेतलं की वर्ग गप्प. पुन्हा घेतलं तरी गप्प. बाकापाशी जाऊन, तोंडाकडे बघून नाव घेतलं, की मग “हजर सर.” मला वाटलं, नवीन माणूस बघून टिंगल चालली आहे. बादल म्हणून एक तोंडाळ मुलगा आहे, त्याला उभं केलं.

तो म्हणाला, “सर, आमच्या बेड्यावर लांबून हाक आली तं ओ देत नाई. मानूस असला तं जवळ येऊन बोलवनच.”

“आणि माणूस नसला तर?”

“तं मंग बोलवून बोलवून थकते न सर. त्याचा घसा, आपल्याले काय!”

सगळे हसले. मीही हसलो, आणि तिथल्या तिथे नियम केला की पहिल्या हाकेला ओ आलीच पाहिजे. उद्या बोर्डाच्या परीक्षेत कोणी तुमच्याजवळ येऊन लाडीगोडी लावणार नाही, असं सांगितलं. पंधरवड्यात वर्ग सुधारला. सगळ्यात आधी ऐकलं ते चंदाने. स्वयंपाकीण कमलीबाईंची ही नात, त्यांच्या बेड्यावरून दहावीला बसणारी पहिली मुलगी. गणिताचं उत्तर मी फळ्यावर पोचायच्या आत तिच्याकडे तयार असतं. आता नाव घेतलं की तिचा “हजर सर” असा येतो, जसा दाराशीच उभा होता.

मुख्याध्यापक मला म्हणाले, “वा, विकास सर! शिस्त लागली पोरांना.”

पत्राच्या पाकिटावर माझं नाव लिहू नकोस. ‘कमलीबाई, भोजनगृह’ एवढंच लिही. का ते भाऊजींना विचार, नाहीतर विचारूही नकोस.

तुझा,
हरी


१४ डिसेंबर, रविवार

ताई,
तुझं पत्र मिळालं. तू भाऊजींना विचारलंस आणि ते हसून उठून गेले, असं लिहिलं आहेस. मग मीच सांगतो. पण आधी चंदाचं सांगू दे, नाहीतर माझी बाकीची गोष्ट तुला कळणार नाही.

गेल्या आठवड्यात, दिवस मावळायच्या जरा आधी, मी भोजनगृहात कमलीबाईंच्या चुलीपाशी चहा घेत बसलो होतो. मुली बाहेर तुरीच्या कडेच्या दोरीवरचे कपडे काढत होत्या. तेवढ्यात तुरीतून हाक आली, “चंदा!”

माझा आवाज होता, ताई. वर्गात मी जसं नाव घेतो, शेवटचा ‘दा’ जरा दाबून, तसाच. आणि माझ्या तोंडात तेव्हा चहाचा घोट होता.

कमलीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर चंदा म्हणाली, “हजर सर.”

आम्ही धावत बाहेर आलो तोवर हातातला कपडा जमिनीवर टाकून ती तुरीत शिरली होती. बाकीच्या मुली दोरीपाशी उभ्या होत्या. त्यांच्यातली निता रडत म्हणाली, “सर, तुमीच तं बोलावलं! मंग तुमी इकडून कसे आले?”

अंधार पडायच्या आत ती सापडली. तुरीच्या पलीकडच्या बांधावर उभी होती. अंगावर ओरखडासुद्धा नाही. पण तेव्हापासून ती कोणाशी बोलत नाही. भरवलं तर खाते. आणि बसल्या बसल्या मधूनच तुरीकडे तोंड करून म्हणते, “हजर सर.” थोडा वेळ जातो, पुन्हा म्हणते. तिकडे कोणीतरी हजेरी घेत असावं, आणि त्या वर्गात ही एकटीच असावी, असं वाटतं. डॉक्टरांनी तपासलं. अशक्तपणा म्हणाले, गोळ्या दिल्या.

तिचे वडील मोहनसिंग साखर कारखान्यावरून आले. मोठ्याने बोलणारा माणूस नाही. खाटेवर पोरीशेजारी बसले आणि मला म्हणाले, “सर, ज्याच्या आवाजात नेली, त्यानंच वापस बोलवावं लागते. तुरीपाशी उभं राहून, आपलं नाव सांगून. तिले कळलं पायजे कोन बोलवते. आली तं पोरगी शाळेत राहीन. नाई आली तं मी संग घेऊन जातो. मंग बेड्यावरची एकबी पोरगी इथं ठेवनार नाई.”

माझा विश्वास आहे की नाही, हे कोणी विचारलंच नाही. मी गेलो. चंदा मागे अंगणात खाटेवर होती. मी तुरीकडे तोंड करून म्हणालो, “मी विकास सर. चंदा, परत ये.”

वारा नव्हता. तुरीतून माझ्याच आवाजात विचारणा झाली, “कोण विकास?”

मी खोलीत पळून आलो, हे तुझ्यापासून लपवत नाही. कमलीबाई मागोमाग आल्या. दार लोटून हळू आवाजात म्हणाल्या, “बापू, तुही पत्रं माह्या नावानं येतेत. मी एका शब्दानं विचारलं का? आता विचारतो. तुहं नाव काय हाये?”

ते असं आहे, ताई. विकास सर खरे आहेत. शिकलेले आहेत आणि या शाळेत नेमलेले आहेत. पण ते शहरात राहून आपली शिकवणी चालवतात. त्यांच्या जागी मी उभा राहतो. भाऊजींनी हे जमवलं. मुख्याध्यापकांना ठाऊक आहे, पण एकांतातसुद्धा ते मला विकासच म्हणतात. मुलांना आणि बेड्याला मात्र ठाऊक नव्हतं. बारावीनंतर कॉलेजचं तोंड न पाहिलेला माणूस आपल्या मुलीला बोर्डाला बसवतो आहे, हे मोहनसिंगांना कळलं तर ते काय करतील, आणि तक्रार झाली तर भाऊजींचं काय होईल, याचा विचार करत मी एक अख्खा दिवस घालवला. चंदा खिडकीत बसून “हजर सर” म्हणत होती. शेवटी शेवटी तिचा आवाज बसला होता, नुसते ओठ हलत होते.

काल संध्याकाळी पुन्हा उभा राहिलो. मुलं, मोहनसिंग, कमलीबाई, मुख्याध्यापक, सगळे होते. मी म्हणालो, “माझं नाव हरीओम. मी विकास नाही. मी बारावीपर्यंतच शिकलो आहे. चंदा, मी बोलावतो आहे. परत ये.”

या वेळी उत्तर आलं नाही. लांबवर तुरीचे शेंडे हलले. मग त्याच्या अलीकडचे. कोणी बारीक अंगाचं माणूस वाट काढत येतं तशी एक ओळ हलत आमच्याकडे आली आणि अगदी कडेला, माझ्यासमोर थांबली. तिथे काही दिसलं नाही. मागून चंदा खोकली.

“आजी,” ती म्हणाली, “पानी दे न. अन् हे सारे इथं काहून उभे हायेत?”

कमलीबाईंना रडायला फुरसत नव्हती, त्या तांब्या घ्यायला पळाल्या. बादल माझ्याजवळ येऊन म्हणाला, “मंजे सर, तुमी आमच्याहून दोनच वर्गं पुढं! उगीच भेलो आमी तुमाले.” मोहनसिंगांनी गठडी उचलली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि कारखान्याच्या वाटेला लागले. पोरगी इथेच ठेवून गेले, यातच काय ते समजलो. मुख्याध्यापक एवढंच म्हणाले, “दुसरा माणूस मिळेपर्यंत थांबा.” इकडे दुसरा माणूस लवकर मिळत नाही. बोर्डापर्यंत मिळाला नाही तर बरं. भाऊजींना सांग, त्यांचं नाव मी घेतलं नाही. पण कोणी विचारलं तर आता खोटं बोलणार नाही.

चंदा आज सकाळी दहावीच्या रविवारच्या जादा वर्गात होती. मी प्रत्येकाच्या बाकापाशी जाऊन हजेरी घेतली.

आता जे लिहायचं ते दोन दिवस टाळलं तरी चाललं असतं, पण तू हे पत्र वाचून पहिल्या गाडीने निघशील, म्हणून लिहितो. आज दुपारी मी हौदावर कपडे धूत होतो. तुरीतून हाक आली. चंदाला नाही, मला. “हरी! ये न रे बाहेर.” इथे मला हरी कोणी म्हणत नाही. कालपर्यंत तर कोणी हरीओमही म्हणत नव्हतं. आणि आवाज तुझा होता, ताई. तू दमलीस की शेवटचा शब्द जसा सोडून देतेस, तसाच सुटलेला. मी उठून उभा राहिलो होतो. कमलीबाईंनी मनगट धरलं म्हणून बसलो.

आत्ताही हाक चालू आहे. मध्ये थांबते, मग पुन्हा येते.

तू ये. जरूर ये. पण रस्त्यावरून, फाटकातून, अंगणातून मला हाक मारू नकोस. थेट खोलीत ये, माझ्या खांद्यावर हात ठेव आणि मग नाव घे. तोवर बाहेर तू रडत असलीस, पडली असलीस, माझ्या नावाने ओरडत असलीस, तरी मी ओ देणार नाही. ती तूच असलीस तर मला माफ कर.

दार आतून लावून बसलेला,
तुझा भाऊ
हरीओम