ठकूच्या बाबाच्या मिशा

ठकूच्या आई,

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

मी कामाला आहे त्या शेतावर सध्या लहान मुलांचं सुट्टीतलं शिबिर चालू आहे. पोरं सकाळी येतात, वासरांना चारा घालतात, चिखलात लोळतात आणि संध्याकाळी घरी जातात. ज्याचं मूल त्याच्याच हाती द्यायचं, हे माझं काम.

काल एक गृहस्थ आले. "मी हिचा बाबा," म्हणाले. चार वर्षांची पोर माझ्यामागे लपून म्हणाली, "हे कोण?"

मी तिला सोडलं नाही. बिचारे दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसून राहिले. मग तिची आई धावत आली. "अहो, बाबाच आहेत तिचे! तीन वर्षांनी आज दुपारी आलेत. दम निघाला नाही त्यांना."

ते रागावले नाहीत. "बरोबर केलंत," म्हणाले. पण मला काही सुधरेना. बरोबर केलं का गं मी?

मी निघालो तेव्हा ठकू रांगत होती. तिला माझा फोटो दाखवत जा, असं लिहायला बसलो. पण फोटोत मिशा आहेत, त्या मी इथे आल्यावर काढल्या. पुन्हा वाढवू की नवा फोटो धाडू? तिलाच विचार.

तुम्हा दोघींचा,
ठकूचा बाबा