पेरूवरची फुली

मी, केशरबाई किसनराव होले, वय एकाहत्तर, धंदा फळभाजी, राहणार परतवाड्याजवळचा मळा, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या भिडेला न पडता हे लिहून ठेवते. दुपारी बांधावर पडले, की पानांतून ऊन हलते, डोळा लागतो आणि मी अकरा वर्षांची होऊन येते. पण आत्ता मी जागी आहे, याची वकील यशोधन यांनी खात्री करून घेतली आहे.

वडिलांकडून आलेला मळा, घर व विहिरीतला हिस्सा मुलगा गोपाल यास. बांधावरची जांबाची झाडे त्याने तोडू नयेत. दोनदा कुऱ्हाड घेऊन गेला होता, म्हणून लिहावे लागते. फळे उतरवायची आकडीही त्याचीच. ती वापरायची अक्कल त्याने स्वतः कमवावी.

धाकटी बहीण पार्वताबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार अकोला, हिला मी काहीही देत नाही. कारण ऐकावे.

१९६५ साली आमच्या मुलींच्या शाळेत बुद्धिमापनाची चाचणी झाली. पहिली येईल तिला अमरावतीच्या वसतिगृहात शिकायला पाठवणार होते. आम्ही दोघी एका बाकावर. प्रश्न होता: केळे, संत्रे, पेरू, वांगे, वेगळे ओळखा. बाकी तिन्ही आमच्या मळ्यात होते, पेरू मी कधी पाहिला नव्हता. हळूच विचारले, "पारे, पेरू म्हंजे काय वं?"

"मले नाई मालूम," ती म्हणाली.

मी पेरूवर फुली मारली आणि एका गुणाने मागे पडले. ती अमरावतीला गेली, मी डोक्यावर टोपली घेतली.

त्याच दिवशी घरी येताना, बांधावर पोचताच, ती जांबाकडे बघून म्हणाली होती, "पेरू पिकले वाटते." आणि जीभ चावली. ती चिंतामण गुरुजींकडे रोज फुले द्यायला जायची. त्यांची बायको पुण्याची, आमच्या जांबाला पेरू म्हणायची; शब्द तिथला. मी ऐकलेच नाही असे दाखवले. पण राग आला, फार आला. तिच्या लग्नातही मी हसून वाढले ते वरवरचे.

गेल्या वर्षी जुईली मॅडम चाचणीतल्या मुली शोधत आल्या. लहानपणची हुशारी आणि म्हातारपणीचा ताण यांचे काही नाते आहे का, हे त्यांना पाहायचे होते. सकाळ-संध्याकाळ तोंडात कापसाचा बोळा धरायचा. त्या लाळेतून ताणाचे द्रव्य मोजतात. ते सकाळी चढते, दिवस कलला की उतरते. माझे पाखरांसारखे वेळेवर खाली आले. पार्वताचे उतरेचना.

मॅडम बुचकळ्यात पडल्या. "गुण तर त्यांचे जास्त होते!"

पार्वता बाहेर बघत म्हणाली, "ताई, मले झोपच नाई लागत वं. कावून, कोणाले ठाऊक."

कावून, ते मला ठाऊक आहे. साठ वर्षे तिने मूठ झाकून धरली आहे.

ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकील म्हणतात. मला तिची सही हवी, म्हणून तिचा हात रिकामा ठेवला. पारे, आधी सगळे वाच. राग केव्हाच गेला. कोणत्या दुपारी ते सांगता येत नाही, झोपेतच गेला असावा. तू मुख्याध्यापिका झालीस याचा मला अभिमान वाटतो. सही कर आणि निवांत झोप.

वरील मजकूर वाचून, समजून, माझ्या हाताने सही करते.

केशरबाई किसनराव होले
मळा, परतवाडा. १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. संघपाल वानखडे, शेजारी. माझ्यासमक्ष सही झाली.
२. पार्वताबाई निमकर, बहीण. वाचलं. ताई, मले मालूम होतं.