आईंनी ठेवलेली खीर

सोम., १५ मे २००६
साहेबांची मीटिंग लांबतच गेली. हॉस्पिटलात पोचले तर दारावरचे भैया, "मॅडमजी, टाइम खतम." हुज्जत घातली, उपयोग शून्य. सासूबाईंना न भेटताच परत घरी, तिलक नगरला. आईंचं खुब्याचं ऑपरेशन नीट झालंय, गुरुवारी सोडणार, तरी चुटपुट लागली. वाट बघत बसल्या असतील. हॉस्पिटलच्या दुपारच्या जेवणातलं गोड रोज माझ्यासाठी झाकून ठेवतात. "ऑफिसातून उपाशी येतेस." नको म्हटलं की गाल फुगलेच.

मंगळ., १६
ऑफिसात फोन. आईंना जुलाब, उलट्या, ताप. धावले. निम्म्या वॉर्डाला तेच. शेजारच्या कॉटवरच्या माँजी निदान भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जातात. आईंना कूसही बदलता येत नाही. किती लाजत होत्या. मी पुसलं, साडी बदलली. "तुला हे करावं लागतंय गं." गप्प बसा म्हटलं.
अविला गुवाहाटीला फोन. आपल्या आईचं ऐकून नवरा हादरलाच. तिकीट बघतोय.

बुध., १७
अन्नातून झालंय. डॉक्टरांचा संशय सोमवारच्या खिरीवर. हॉस्पिटलचं किचन बंद केलं. बाकीचे सलाइनवर सावरताहेत, मग आईच एवढ्या का...
सिस्टरना आईंच्या कॉटलगतच्या कपाटात वाटी सापडली. तळाला खीर चिकटलेली.
"तुझ्यासाठी ठेवली होती. तू आली नाहीस. टाकवेना, मग मीच खाल्ली रात्री."
डॉक्टर म्हणाले, आधीच दूषित, त्यात या उकाड्यात इतके तास बाहेर. जंतू वाढतच गेले असणार. लघवी कमी झालीय. किडनीची काळजी.
संताप संताप झाला. किचनचा, साहेबांचा, आईंचासुद्धा. कोणी सांगितलं होतं ठेवायला! मग जिन्यात जाऊन रडले. वेळेवर पोचले असते तर ती वाटी मीच चाटूनपुसून खाल्ली असती.

शुक्र., १९
आईंना वेगळी खोली. आत जाताना कोपरापर्यंत साबण, गाऊन. बाहेर येताना पुन्हा साबण. घरचा डबा बंद.
आज जरा बोलल्या. "ऑफिसातून आल्यावर आधी हातपाय धू म्हणायचे, तर आईंचं सोवळं म्हणून हसायचीस. आता?"
"आता शिवू का तुम्हाला?"
"शीव गं बाई."
कपाळावर हात ठेवला. चटका बसला. हात काढला तर म्हणाल्या, राहू दे.

रवि., २१
ताप उतरला! अवि सकाळी आला, आत्ता औषधं आणायला खाली गेलाय. आईंसमोर हसत होता, बाहेर येऊन भिंतीला टेकला. लघवी अजून पुरेशी नाही. उद्याच्या रक्ताच्या रिपोर्टवर ठरेल, डायलिसिस लागतं की नाही. देवा, नको.
निघताना आईंनी खूण करून बोलावलं. हात उशीखाली गेला. काल सिस्टरनी चहाबरोबर दिलेला बिस्किटांचा छोटा पुडा.
"सीलबंद आहे. सिस्टरला विचारून ठेवलाय."
बाहेर येऊन गाऊन काढला, हात धुतले. दाराच्या काचेपाशी, त्यांना दिसेल अशी उभी राहून सगळी बिस्किटं खाल्ली. आई एकटक बघत होत्या. संपल्यावर त्यांनी हातानेच खूण केली, वर पाणी पी.