वाडीतली शांती आणि माझा जपान दौरा

५ जुलै
निवृत्त झालो म्हणजे संपलो, असं वाडीला वाटतं. चूक आहे. जग अणुबाँबवर बसलेलं असताना राज्यशास्त्राचा प्राध्यापक घरात सुपारी कातरत बसू शकत नाही. जपानमधली एक संस्था ऑगस्टमध्ये शांती परिषद घेते आहे. भाषणाला बोलावतील. अट एकच: आपल्यामागे लोक आहेत हे दाखवणारा व्हिडिओ पाठवायचा. त्यात काय? लोक वाडीभर आहेत.
आयुष्यभर अकरावीच्या वर्गासमोर बोललो. हे पहिलं खरं व्यासपीठ. जायचंच.

६ जुलै, पहाटे पाच
पडवीतून हँडमाइकवर पहिलं प्रबोधन. विषय: डिटरन्स थिअरी, म्हणजे बाँबच्या धाकाने शांतता, आणि तिची दिवाळखोरी. प्रतिसाद फक्त शेजारच्या कुत्र्याचा. मथुरा (सौ.) म्हणाली, लोक भाताची लावणी करून मेलेत, त्यांका झोपांदेत. मी सुनावलं की बाँब पडल्यावर झोपच आहे. ती चहा करायला गेली. एकच कप केला.

९ जुलै
पहाटेचं प्रबोधन रोज चालू आहे. तरी लोक येत नाहीत, तर आपण जावं. वाडीतले वडीलधारे शिवातात्या, त्यांच्या शेताच्या बांधावर छत्री धरून दीड तास बोललो. चिखलात वाकून रोपं लावणारे श्रोते जागचे हलत नाहीत. एकाग्रता विलक्षण. व्हिडिओत मात्र सगळ्यांच्या पाठीच आल्या.

१२ जुलै
पायस सर आले. इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, आमच्या शांती मंचाचे दुसरे आणि शेवटचे सदस्य. म्हणाले, तुमका लोकांचो होकार होयो ना? मगे देवळात गाऱ्हाणा घाला. थंय लोक सगळ्याकच 'व्हय म्हाराजा' म्हणतत.
मी विवेकवादी माणूस. त्या देवळाची पायरी चढलेलो नाही. ठाम नकार दिला.

१३ जुलै
विवेकवाद म्हणजे लोकसंस्कृतीचा द्वेष नव्हे. देवळात गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं, नेहमी शिवातात्याच घालतात. ते तयार आहेत. चार पानी मसुदा दिला. त्यांनी तो विडीच्या बंडलाबरोबर खिशात ठेवला. आदर जाणवला.

२० जुलै
अभूतपूर्व! देऊळ तुडुंब. तात्यांनी मसुदा काढलाच नाही, उत्स्फूर्त बोलले. 'बा देवा म्हाराजा, आमच्या सरांका जपानाक जावचा आसा. तेंची वाट मोकळी कर. वाडयेत शांती येवंदे, लोकांका झोप लागांदे. सर थंयच रमले तरी आमची काय एक हरकत नाय रे म्हाराजा!'
'व्हय म्हाराजा!' कौलं हादरली. मथुरेचा आवाज सगळ्यात वर. शेवटचं वाक्य जरा खटकलं, पण जपान्यांना मालवणी कुठे कळते? व्हिडिओ पाठवला.

२९ जुलै
ईमेल! 'आपल्याला निमंत्रित करताना आनंद होतो' एवढं वाचूनच पडवीत धावलो, माइकवर जाहीर केलं. लोक चिखलाच्या पायांनी धावत आले. तात्यांच्या डोळ्यांत पाणी. देव पावलो, म्हणाले.

३० जुलै
पायस सरांनी उरलेला ईमेल वाचून दाखवला. परिषद ऑनलाइन आहे. लिंक पाठवतील. मला तीन मिनिटं.
वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं. कोट शिवायला टाकला होता.
वाडीला आजच सांगणार होतो. पण निरोप समारंभ ठरलाय. इतक्या लोकांचा हिरमोड करणं ही एक प्रकारची हिंसाच.

४ ऑगस्ट
हार, नारळ, ओवाळणी. तात्या म्हणाले, घाई करू नकात, सगळा जपान बघून येवा. कुडाळ स्टेशनपर्यंत गेलो. दुपारी सगळे शेतात असताना दुसऱ्या रिक्षाने परत, मागच्या दाराने आत. मथुरेने कपाळावर हात मारला. ही माघार नाही, रणनीती आहे.

६ ऑगस्ट, हिरोशिमा दिन
कोट घालून माळ्यावर बसलो. रेंज एक काडी. माझं नाव पुकारलं आणि त्याच वेळी खाली शेजारणी येऊन बसल्या. सगळं भाषण कुजबुजत केलं. अध्यक्ष पुन्हा पुन्हा सांगत होते, मोठ्याने बोला, काही ऐकू येत नाही. कसं बोलणार? मिनिटं संपली. धन्यवाद म्हणून त्यांनी मला बंद केलं.
खाली कोणीतरी विचारलं, सर कधी येतले? मथुरा म्हणाली, होये तितके दीस रवांदेत गो थंय. लग्नापासून पयल्यांदाच माका उजाडल्यार जाग इली.
सगळ्या हसल्या. मी इथेच आहे, असं ओरडावंसं वाटलं. तोंडात पंचा कोंबला.