अप्पांचं तिकीट

म्हैसूर

प्रिय श्रीवत्सा,

फोनवर तू विचारतोस, "अम्मा, जेवलीस का?" मी म्हणते, "जेवले." आणि बोलणं तिथेच संपतं. म्हणून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येईल. पण सगळं वाच, मधेच कागद बाजूला ठेवू नकोस.

गेला आठवडाभर मी भर उन्हाळ्यात हिंडतेय. हो, मीच. अप्पा गेल्यापासून कोपऱ्यावरच्या वाचनालयापलीकडे न गेलेली तुझी अम्मा. शेजारची ललितम्मा दारात येऊन उभी राहिली. "वनजाक्षी, बायकांना बस फुकट होऊन किती काळ लोटला! सगळ्या गावच्या बायका देवळं पालथी घालून आल्या, आपण तिघीच भिंतीला टेकून बसलोय. आधार कार्ड घे आणि चल." तिसरी म्हणजे आपल्या मागच्या घरातली जलजम्मा. मी नाहीच म्हणणार होते. पण ललितम्माने ठरवलेल्या ठिकाणांत शेवटचं श्रीरंगपट्टण होतं, आणि तिथल्या कावेरीवरच्या पश्चिमवाहिनी घाटाच्या पायऱ्या मला बघायच्या होत्या. दिवाळीनंतर तू एकटा अप्पांच्या अस्थी घेऊन तिथे गेलास आणि परत येऊन एवढंच म्हणालास, "झालं, अम्मा." कुठल्या पायरीवर, पाणी किती होतं, काही नाही. लगेच विमानाला निघालास. डोळ्यांत टिपूस नव्हतं तुझ्या. तेव्हापासून मनात एकच होतं, ते जिथून गेले त्या पाण्यात एकदा हात बुडवायचा.

पहिल्या दिवशी कारंजी तलावावर गेलो. मोर बघितले, सावली बघून डबे उघडले. जलजम्माच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती, तोंड सुतळीने घट्ट बांधलेलं. बसण्याआधी तिने ती फांदीला अडकवली. ललितम्मा गप्प बसणारी आहे का? "काय गं, नवऱ्यापासून लपवलेलं सोनं आहे त्यात?"

"लोणचं आहे. खाली ठेवलं तर मुंग्या लागतील."

"मग वाढ की! भात कोरडा लागतोय."

"मुरलं नाही अजून," जलजम्मा म्हणाली आणि तोंड फिरवून जेवू लागली.

चामुंडी टेकडीवर ती देवळात आलीच नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगून पिशवी कवटाळून बाहेर झाडाखाली उभी राहिली. परत आल्यावर मी दोघींना कॉफीला बोलावलं, तर जलजम्माने फाटकाबाहेर उभ्या उभ्या पेला रिकामा केला. मला फार लागलं ते. तीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसणारी बाई! मी ललितम्माला म्हटलं, "नवरा गेलेल्या बाईच्या घरात पाऊल टाकायला तिला नको वाटत असेल." ललितम्मा म्हणाली, "तुझं डोकं उन्हाने तापलंय, आत जाऊन झोप."

बलमुरीच्या धबधब्याला जाताना बसमध्ये मुंगीला जागा नव्हती. मला कशीबशी बसायला मिळाली, जलजम्मा दांड्याला लोंबकळत होती. मी तिच्या खांद्यावरची पिशवी ओढून मांडीवर घेतली. हलकी होती. वर माझी ताकाची बाटली ठेवली. जलजम्माचा चेहरा पांढराफटक पडला. "सांभाळून गं," म्हणाली, आणि उतरेपर्यंत तिने पिशवीवरचा हात काढला नाही. मला वाटलं, एवढा काय लोणच्याचा जीव! बलमुरीच्या पाण्यात ललितम्मा घसरून बसकण मारून बसली आणि बघत राहिलेल्या पोरांवरच ओरडली, "फोटो काय काढता, उचला!" मी हसले, श्रीवत्सा. पोट दुखेपर्यंत हसले, आणि मग यांची आठवण आली. हे असते तर म्हणाले असते, उन्हात काय भटकायचं, घरी पंखा आहे. आयुष्यभर तेच म्हणाले आणि मला कधी कुठे नेलं नाही.

काल श्रीरंगपट्टण. पश्चिमवाहिनीला पोचल्यावर मी पायऱ्या उतरू लागले. तिथल्या एका पुरोहितांना विचारलं, बाहेरगावाहून आलेले लोक साधारण कुठे विसर्जन करतात? ते बोट दाखवत होते, तेवढ्यात मागे जलजम्मा हुंदके देऊ लागली. "वनजा, तिथे नको बघूस. ते तिथे नाहीत."

मला काही कळेना. तिने खांद्यावरची पिशवी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

मी किंचाळले का, मला आठवत नाही. ललितम्मा म्हणते, मी नुसती पायरीवर बसले आणि पिशवीकडे बघत राहिले. जलजम्माने रडत रडत सगळं सांगितलं. त्या दिवशी तू नदीवरून थेट तिच्या मागच्या अंगणात आलास, हातात मडकं तसंच. म्हणालास, पाण्यात उतरलो पण हात सुटेना. संक्रांतीला येतो, तोवर तुमच्या फणसाला टांगून ठेवा, अम्माला कळू देऊ नका. आणि लहान मुलासारखा तिच्या पायरीवर बसून रडलास. संक्रांत गेली. मागच्या आठवड्यात तिच्या मुलाने खोली वाढवायला फणस तोडला. अस्थी घरात नेता येत नाहीत, जमिनीवर टेकवता येत नाहीत, अंगणभर गवंडी. मग काय करते बिचारी? रात्री फाटकाच्या खिळ्याला, दिवसा स्वतःच्या खांद्याला. रोज सांगू म्हणायची आणि रोज मला हसताना बघून गप्प बसायची. माझ्या घरात ती का आली नाही, ते तेव्हा कळलं.

म्हणजे मोर बघताना ते होते. बलमुरीला ते माझ्या मांडीवर होते, आणि मी वर ताकाची बाटली ठेवली होती! ज्या माणसाने मला कधी कुठे नेलं नाही, तो आठवडाभर माझ्याबरोबर हिंडला आणि मला पत्ता नाही. अजून हे माझ्या डोक्यात शिरत नाही. चूल पेटवताना मधेच थांबते.

पुरोहित म्हणाले, "अम्मा, आणलंच आहे तर सोडून द्या. हल्ली बायकाही सोडतात. मी मंत्र म्हणतो." मी गुडघाभर पाण्यात उतरले. सुतळी सोडली. मडकं पाण्याला टेकवलं. त्यांनी मंत्र संपवला, पुन्हा म्हटला. आणि श्रीवत्सा, माझाही हात सुटला नाही.

परतीच्या बसमध्ये पिशवी पुन्हा माझ्या मांडीवर. शेवटी ललितम्मालाच राहवेना. कानाशी येऊन म्हणाली, "वनजाक्षी, आठवडाभर तुझा नवरा बायकांच्या बसमधून फुकट हिंडलाय. पकडतील हं." मी हादरून तिच्याकडे बघितलं. मग हसू आलं, आणि त्यातच रडू. कंडक्टर आला. मी म्हटलं, "एक पुरुषाचं तिकीट द्या." तो इकडेतिकडे बघू लागला. "पुरुष कुठाय, अम्मा?" ललितम्मा म्हणाली, "आहे रे, लाजाळू आहे. तू दे."

आता मडकं आपल्या अंगणातल्या आंब्याला टांगलंय. आज सकाळी झाडाखाली झाडताना मी त्यांच्याशी दोन शब्द बोलले. तू रडला नाहीस म्हणून इतके महिने मी तुला दगड समजत होते, आणि ते मनात ठेवूनच फोनवर ‘जेवले’ म्हणत होते. तुला रागावायला हे लिहिलेलं नाही. एकट्याने हात सुटत नाही, हे आता आपल्या दोघांनाही माहीत आहे. कावेरीचं पाणी चढायच्या आत ये, दोघं मिळून उतरू. सोबत ते बसचं तिकीट ठेवलंय. अप्पांचं मी काढलं. तुझं तू काढ.

वाट बघणारी, तुझीच,
अम्मा