पाणी वरून की खालून?

आल्सीड,

विमा कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने एकच विचारलं, "पाणी वरून आलं की खालून?" छत गळलं म्हणून सांग, असं तू बजावलं होतंस. पण भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ आहे, ती छत गळून उमटते का रे? मी खरं सांगितलं. वाऱ्याने छप्पर उडून पाऊस आत आला असता, तर घराच्या विम्यात बसलं असतं. पुराचं पाणी बसत नाही. त्याचा विमा वेगळा काढावा लागतो, आणि तू दरवर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणालास.

गाडीच्या विम्यात मात्र पूर बसतो! आणि पाणी चढताना तू तीच आधी रस्त्यामधल्या उंच पट्ट्यावर नेऊन ठेवलीस. इकडे तुझ्या आईला मी एकटीने स्वयंपाकाच्या ओट्यावर चढवलं.

शेजारच्या मिस व्हर्नाने राजमा दिलाय, भात तेवढा लाव. माझी बहीण न्यायला आलीय. आईंना घेऊन मी तिच्याकडे बॅटन रूजला चाललेय. आई तुझं नावही काढत नाहीत. रोज एवढंच विचारतात, "गाडी बरी आहे ना?"

डेल्फीन